मोठ्या कंपनीतील उमेदवारी आणि आपली मुले

'उमेदवारी' हा शब्द हल्ली निवडणुकीच्या मोसमातच कानी पडतो. परंतु आपल्या वाडवडिलांच्या काळी त्याचा एक दुसरा अर्थ घरोघरी ठाऊक होता. मॅट्रिक झालेला मुलगा नागपुरास एखाद्या वकिलाकडे, पेढीवर किंवा छापखान्यात बिनपगारी अथवा नाममात्र पगारावर काही महिने काम करी, त्यास उमेदवारी करणे म्हणत. काम शिकावयाचे, वरिष्ठांचा विश्वास संपादन करावयाचा आणि जागा रिकामी होताच तीवर रुजू व्हावयाचे, असा तो शिरस्ता होता. आजची मुले ज्यास 'इंटर्नशिप' म्हणतात ती तत्त्वतः हीच उमेदवारी होय. फरक इतकाच, की संगणकाच्या मोठ्या कंपन्यांत या उमेदवारीला चांगले विद्यावेतन मिळते, आणि ती मिळविण्यासाठी दारातच अशी परीक्षा द्यावी लागते, की पुढचे काम त्या मानाने सोपे वाटावे.

यंदा पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यात होणारी गोटमार आटोपल्यावर आम्ही पांढुर्णा आणि सौंसर या भागात काही दिवस राहून आलो. आपल्या माणसांची ख्यालीखुशाली विचारावी, एवढाच हेतू होता. परंतु घरोघरी संत्र्याच्या भावाइतकीच, कदाचित काकणभर अधिक, चर्चा ऐकू आली ती मुलांच्या मुलाखतींची. कोणाचा मुलगा बंगळुरास आहे, कोणाची मुलगी हैदराबादेस उमेदवारी करून आली, कोणाचे थोडक्यात हुकले, हे सांगताना आईबापांच्या आवाजात कुतूहल होते आणि काळजीही होती.

पांढुर्ण्याजवळच्या एका संत्रा बागाईतदाराच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. घरचा धाकटा मुलगा भोपाळास संगणकशास्त्राच्या पदवीचा अभ्यास करतो. एका बड्या तंत्रज्ञान कंपनीच्या उन्हाळी उमेदवारीसाठी त्याने अर्ज केला, लेखी चाचणीत तो उत्तीर्ण झाला आणि पहिल्याच मुलाखतीत बाद झाला. आजोबांनी आमच्यादेखत विचारले, "काय रे बाबू, सवाल कठीण होता काय?" मुलाने खाली मान घालून उत्तर दिले, "नाही आजोबा. मले येत होतं. पन बोलता नाही आलं."

ते वाक्य आमच्या मनातून जाईना. पुढे सौंसर तालुक्यात आणखी दोन घरी थोड्याफार फरकाने हेच शब्द ऐकावयास मिळाले. म्हणून या विषयाची जरा खोलात जाऊन विचारपूस केली, आणि जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दोन राज्यांच्या उंबरठ्यावर

या मुलांची परिस्थिती समजावयाची तर प्रथम हा प्रदेश समजावयास हवा. १९५६ पर्यंत नागपूर ही आपल्या मध्य प्रदेशाचीच राजधानी होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्हा आपल्या मराठी सौंसर-पांढुर्ण्यासह मध्य प्रदेशात राहिला. सोयरीक, बाजार, दवाखाना या सर्वांसाठी माणसे नागपुराकडे पाहत राहिली आणि कागदपत्रांसाठी भोपाळाकडे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे कचेरी जवळ आली; पण उच्च शिक्षणाचा पेच होता तसाच राहिला.

पेच असा. नागपूरचे विश्वेश्वरय्या महाविद्यालय आणि भोपाळचे मौलाना आझाद महाविद्यालय, दोन्ही १९६० साली निघाली आणि आज दोन्ही राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहेत. या संस्थांतील निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर, सौंसरहून त्याहूनही जवळ, आणि भोपाळ जवळजवळ तिप्पट दूर. तरीही येथील शाळेतून बारावी झालेल्या मुलास नागपूर परराज्य आणि भोपाळ स्वराज्य! येथे एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. या प्रवेशात राज्य ठरते ते घर कोठे आहे यावरून ठरत नाही. बारावीची परीक्षा कोणत्या राज्यातील शाळेतून दिली, यावरून ते ठरते. शिकवणीसाठी म्हणून मुलास अकरावी-बारावीला नागपुरात घालणारे पालक नकळत त्याचे राज्यही बदलून बसतात. हे चांगले की वाईट हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र ते समजूनउमजून व्हावे.

'कंपनी' या शब्दाचा अर्थही येथे पिढीगणिक पालटला आहे. सौंसर तालुक्यातील बोरगाव येथे १९९१ साली रेमंडचा कापड कारखाना उभा राहिला, तेव्हा कंपनी म्हणजे भोंगा, पाळी आणि दारावरचा पहारेकरी. अमक्याची ओळख आहे काय, हा तेव्हाचा पहिला प्रश्न असे. आज ज्या कंपनीविषयी नातू बोलतो तिचे दार आजोबांनी कधी पाहिलेले नसते आणि बऱ्याचदा नातवानेही नाही. कारण परीक्षा आणि मुलाखत दोन्ही घरच्या खोलीत, संगणकाच्या पडद्यावर होतात.

दार कोठे असते

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांत शिरण्याच्या वाटा साधारणतः तीन. पहिली, कंपनी स्वतः महाविद्यालयात येते. हे भाग्य बहुधा नामांकित संस्थांच्या वाट्याला येते. दुसरी, कंपनीच्या संकेतस्थळावर परस्पर अर्ज करणे. हे दार सर्वांना खुले आहे. पण तेथे अर्जांची रास पडते आणि पुष्कळांना उत्तरही येत नाही. तिसरी, कंपनीत काम करणाऱ्या कोणी शिफारस करणे. या शिफारशीने नोकरी मिळत नाही. अर्ज वाचला जाण्याची शक्यता तेवढी वाढते. आपल्याकडची जुनी 'ओळख' आणि ही शिफारस यांत हे अंतर आहे, आणि ते मुलांस सांगितले पाहिजे. नाही तर शिफारस मागण्यास स्वाभिमानी मूल संकोचते.

अर्जासोबत आपली माहिती एका पानात द्यावी लागते. या पानावर मुले अनेकदा वडिलांचे नाव, जन्मतारीख, छंद आणि शपथपूर्वक निवेदन लिहितात. तेथे त्याची गरज नसते. काय शिकलो, स्वतःच्या हाताने काय बनविले आणि ते कोणाच्या उपयोगी पडले, हे तेथे पाहिले जाते. आम्हांस भेटलेल्या एका मुलाने मंडीतील आपल्या काकांसाठी अडतीचा हिशेब ठेवणारा छोटा कार्यक्रम लिहिला होता. पण 'ते तर घरचं काम' म्हणून पानावर त्याचा उल्लेखच नव्हता! वस्तुतः त्याच्या सर्व पानात सांगण्याजोगे तेवढे एकच होते.

अर्ज स्वीकारला गेला तर एक-दीड तासाची चाचणी होते. दोन-तीन उदाहरणे दिलेली असतात. त्यांची उत्तरे संगणकाच्या भाषेत लिहावयाची आणि ती यंत्राकडूनच तपासली जातात. या पायरीवर गाव, आडनाव, बोली यांपैकी काहीही आड येत नाही. येथे सराव उपयोगी पडतो, आणि शिकण्याची साधने आता फुकट उपलब्ध आहेत. आयआयटींच्या प्राध्यापकांची एनपीटेलवरील व्याख्याने पांढुर्ण्यात बसून तशीच ऐकता येतात जशी मुंबईत. आमच्या ओसरीवरचा मुलगा ही पायरी सहज चढला होता. घसरला तो पुढच्या पायरीवर.

संत्र्याच्या कॅरेटचे कोडे

पुढची पायरी म्हणजे मुलाखत. ती बहुधा पाऊण तासाची असते आणि अशा दोन ते चार होतात. समोर कंपनीतील अभियंता असतो. तो एक कोडे घालतो आणि दोघांनाही दिसणाऱ्या पडद्यावर ते सोडवावयास सांगतो. कसले कोडे? त्या मुलास पडलेले नेमके कोडे बाहेर सांगणे योग्य नव्हे, ते त्यानेही सांगितले नाही. परंतु त्या जातीचे एक प्रसिद्ध उदाहरण त्याने आजोबांना बागेच्या भाषेत समजावून दिले, ते असे.

समजा, बागेतून संत्र्यांचे शंभर कॅरेट निघाले. प्रत्येकाचे वजन वेगळे. व्यापारी म्हणतो, ज्यांचे वजन मिळून बरोबर पन्नास किलो भरेल असे दोन कॅरेट काढून द्या. कसे काढाल?

आजोबा म्हणाले, "एकेक उचलायचा न् बाकीच्यासंगं तोलून पाहायचा." मुलगा म्हणाला, बरोबर, पण अशा जोड्या होतात चार हजार नऊशे पन्नास. दिवस मावळेल. त्याऐवजी अगोदर सर्व कॅरेट वजनाप्रमाणे ओळीने लावा, हलके डावीकडे, जड उजवीकडे. आता अगदी डावीकडचा आणि अगदी उजवीकडचा असे दोन घ्या. बेरीज पन्नासाहून अधिक झाली, तर उजवीकडचा जड कॅरेट कोणाबरोबरच जमणार नाही, कारण सर्वांत हलक्याबरोबरही तो जास्त होतो. तो बाजूला काढा. बेरीज कमी पडली, तर डावीकडचा हलका निरुपयोगी, तो काढा. प्रत्येक वेळी एक कॅरेट कमी होतो, म्हणून ओळ लावून झाल्यावर फार तर नव्याण्णव वेळा बेरीज करावी लागेल. आणि कॅरेट हजार असते, तर पहिल्या रीतीने जोड्या चार लाख नव्याण्णव हजार पाचशे, दुसरीने बेरजा नऊशे नव्याण्णव.

आजोबा क्षणभर थांबून म्हणाले, "आन् ओळ लावाले मेहनत नाही लागत काय?" मुलगा हसला. मुलाखत घेणारे हाच पुढचा प्रश्न विचारतात, असे तो म्हणाला. ओळ लावण्यासही श्रम आहेत. पण चांगल्या रीतीने लावली तर ते सर्व जोड्या तोलण्याहून पुष्कळ कमी पडतात. आणि आणखी एक युक्ती आहे, जीत ओळ लावावीच लागत नाही: पाहिलेल्या प्रत्येक कॅरेटचे वजन वहीत टिपून ठेवावयाचे, आणि नवा कॅरेट हाती आला की त्याला पन्नास होण्यास किती उणे आहे तेवढे वजन वहीत आहे काय, ते पाहावयाचे. श्रम वाचले, वहीची जागा खर्च झाली. वेळ वाचवावा की जागा, हा तोल सांभाळणे म्हणजेच या विद्येचे मर्म.

वाचकहो, हा सर्व संवाद दहा-बारा मिनिटे चालला होता. मुलगा वऱ्हाडी वळणाच्या आपल्या बोलीत, कोठेही न अडखळता बोलत होता. आजोबांच्या शंकेस उत्तर देत होता, मध्येच स्वतःची चूक सुधारीत होता. मुलाखतीत त्याच्याकडून जे अपेक्षित होते ते हेच! मग तेथे काय झाले? त्याने सांगितले, "रीत पूर्ण जमल्याबिगर तोंड कसं उघडायचं? म्हणून मी मनातल्या मनात सोडवत बसलो." वीस मिनिटे पडदा कोरा राहिला. समोरच्या अभियंत्याने दोनदा विचारले, काय विचार चालला आहे ते सांगाल काय? मुलास वाटले, तो रागावला. तो अधिकच गप्प झाला. उत्तर सुचले तेव्हा लिहिण्यास वेळ उरला नव्हता.

अशा मुलाखतीत उत्तराइतकेच महत्त्व उत्तराकडे जाण्याच्या वाटेला असते. उमेदवाराने प्रथम प्रश्न विचारावेत: एकच कॅरेट दोनदा धरला तर चालेल काय? अशी जोडी नसेलच तर काय उत्तर द्यावे? मग साधी, लांबची रीत बोलून दाखवावी, तिच्यातील दोष स्वतःच सांगावा, चांगली रीत शोधावी, लिहावी आणि शेवटी एक-दोन उदाहरणे घेऊन ती ताडून पाहावी. अडले तर 'येथे अडलो आहे' असे सांगावे. समोरचा माणूस बहुधा एखादी खूण देतो, आणि ती खूण उचलता येणे हाही गुण समजला जातो. कारण उद्या त्याच माणसाबरोबर बसून काम करावयाचे असते.

आता आपल्या घराकडे पाहू या. वडीलधाऱ्यांसमोर अर्धवट बोलू नये, उलट प्रश्न विचारू नये, येत नसेल तर गप्प बसावे, हे आपण मुलांस लहानपणापासून शिकवितो. शाळेतही चुकीच्या उत्तरास हशा आणि कधी छडी मिळते. ज्या मुलाने हे संस्कार मनोभावे पाळले, तोच या पाऊण तासात मार खातो. संस्कार टाकून द्यावेत असे आम्ही म्हणणार नाही. पण मोठ्यांसमोर विचार बोलून दाखविणे हा उद्धटपणा नव्हे, एवढी भर त्यांत घालावयास हवी.

कंपन्याही चुकतमाकत शिकल्या

ही पद्धत काही आकाशातून पडलेली नाही. १९२१ साली विख्यात संशोधक थॉमस एडिसन नोकरीस येणाऱ्या पदवीधरांना दीडशेच्या आसपास प्रश्नांची यादी देत असे. भूगोल, इतिहास, व्यापार, काय वाटेल ते. त्यांतील ध्वनीच्या वेगाचा प्रश्न आइन्स्टाइनला विचारण्यात आला, तेव्हा पुस्तकात सहज सापडणारी माहिती मी डोक्यात वागवीत नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. पुढे मायक्रोसॉफ्ट कंपनी गटारांची झाकणे गोल का असतात, यांसारखी कोडी विचारण्याबद्दल प्रसिद्ध झाली आणि इतरांनी तिचे अनुकरण केले. २०१३ साली गूगलचे तत्कालीन मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी जाहीरपणे सांगितले, की अशा डोकेफोडू कोड्यांवरून माणूस पुढे कसे काम करील याचा काहीच अंदाज येत नाही. सर्वांना ठराविक चौकटीत, एकाच मापाने विचारलेले प्रश्न त्याहून उपयोगी ठरतात.

आमच्या दृष्टीने यात एक आशेची गोष्ट आहे. चातुर्याची चमक दाखविणारी जुनी मुलाखत शहरी, बोलघेवड्या मुलास अनुकूल होती. ठराविक चौकटीची मुलाखत शिकता येते. जे शिकता येते, ते पांढुर्ण्यातही शिकता येते.

सौंसरची मुलगी आणि तिचे दहा आठवडे

ते कसे शिकता येते, हे आम्हांस सौंसरच्या एका घरात दिसले. वडिलांचे वह्या-पुस्तकांचे दुकान. मुलगी शाळेत हिंदीतून शिकली, घरी मराठी, महाविद्यालयात इंग्रजी. तिची पहिली मुलाखत अशीच मुकेपणाने वाया गेली होती. त्यानंतर तिने एक उपाय केला. रोज रात्री दुकान बंद झाल्यावर ती आईला समोर बसवी आणि त्या दिवशीचे उदाहरण मराठीत सोडवून दाखवी. आईस संगणकाचे ज्ञान नाही. पण 'हे कशावरून?' आणि 'मग पुढे?' हे दोन प्रश्न ती नेमाने विचारी. मराठीत तोंड मोकळे झाल्यावर तेच उदाहरण मुलगी इंग्रजीत बोले. दोन महिन्यांत इंग्रजीची भीती गेली. "इंग्रजी कच्ची होती असं सगळे म्हणत," ती म्हणाली, "पण मी तर कोणत्याच भाषेत बोलत नव्हते."

पुढल्या वर्षी तिला हैदराबादेस एका मोठ्या कंपनीत दहा आठवड्यांची उमेदवारी मिळाली. तेथील अनुभव तिने सांगितला, तो प्रत्येक उमेदवाराने ऐकण्याजोगा आहे. पहिल्या दिवशी ओळखपत्र आणि संगणक मिळाला, देखरेखीस एक अनुभवी अभियंता नेमला गेला, आणि एक नेमके काम देण्यात आले. पहिला आठवडा केवळ इतरांनी लिहिलेले वाचण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात ती एका ठिकाणी अडली आणि तीन दिवस कोणास न विचारता झगडत राहिली. चौथ्या दिवशी मार्गदर्शकाने विचारले तेव्हा अडचण वीस मिनिटांत सुटली. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, की अर्धा दिवस स्वतः प्रयत्न करावा आणि मग विचारावे, कारण तीन दिवस गेले ते सर्वांचेच गेले.

दुसरा धक्का बसला तो परीक्षणाचा. अशा कंपन्यांत कोणाचेही लिखाण दुसऱ्याने तपासल्यावाचून पुढे जात नाही. तिच्या पहिल्या लिखाणावर तीसेक शेरे आले. ती रात्रभर रडली. दुसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आले, की मार्गदर्शकाच्या स्वतःच्या लिखाणावरही तसेच शेरे आहेत आणि तो त्यांस शांतपणे उत्तरे देत आहे. शेरा लिखाणावर असतो, माणसावर नसतो, हे तिला तेथे कळले. शेवटच्या आठवड्यात तिने केलेले काम सर्वांपुढे मांडले. उमेदवारीनंतर पसंत पडलेल्यांना पदवीपूर्वीच नोकरीचे आमंत्रण मिळते. तिला ते मिळाले. तिच्या सोबतच्या सर्वांना मिळाले नाही, हेही तिने आवर्जून सांगितले.

सावधगिरीचे दोन शब्द

उजळ बाजूबरोबर दुसरीही सांगणे आमचे कर्तव्य आहे. बागाईतदाराच्या शेजारच्या गल्लीत एका कुटुंबाने मुलाच्या 'इंटर्नशिप'साठी नोंदणी शुल्क आणि संगणकाची अनामत म्हणून पैसे भरले. पत्र खोटे निघाले, पैसे बुडाले. पालकहो, पक्के ध्यानात ठेवा: खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. पत्र आले, की ते कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरूनच आले आहे काय, ते पाहावे आणि पैसे मागितले की तेथेच थांबावे.

दुसरे, या नोकऱ्या अढळ नव्हेत. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने सुमारे १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने सुमारे १०,००० जागा कमी करण्याचे जाहीर केले होते. आता तर सोपे कार्यक्रम लिहिण्याचे काम यंत्रेच करू लागली आहेत. म्हणून बाग गहाण टाकून एकाच कंपनीच्या मागे धावणे शहाणपणाचे नाही. नकार आला म्हणजे मूल नालायक ठरले असेही नाही. त्या दिवशी, त्या पाऊण तासात जमले नाही, इतकाच त्याचा अर्थ. पुष्कळ कंपन्या काही काळानंतर पुन्हा अर्ज करू देतात.

आणि 'मोठी' म्हणजे परदेशीच कशास? नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल यांची कार्यालये आहेत. नागपुरातच पर्सिस्टंट सिस्टिम्सचेही मोठे केंद्र आहे. या पर्सिस्टंटचे संस्थापक आनंद देशपांडे हे आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरातले, भोपाळमध्ये वाढलेले. खरगपूरची आयआयटी, अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट आणि ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतील अनुभव गाठीस बांधून त्यांनी १९९० साली पुण्यात ही कंपनी काढली. दुसऱ्याच्या घरी काम शिकून आपले घर उभारणे, हा उमेदवारीचा जुनाच शेवट येथे दिसतो.

सरकारनेही या वाटेने पाऊल टाकले आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर शिकाऊ घेण्याचे बंधन घातलेलेच होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत देशातील अग्रगण्य पाचशे कंपन्यांत वर्षभराची उमेदवारी, दरमहा ५,००० रुपये आणि सुरुवातीस एकरकमी ६,००० रुपये, अशी तरतूद जाहीर झाली. वय, शिक्षण आणि उत्पन्न यांच्या अटी आहेत. त्या अर्जापूर्वी वाचून घ्याव्यात.

आपण काय करावे

आपल्या मंडळांत गणपती, कोजागिरी आणि हळदीकुंकू ही नेमाने होतात. वर्षातून चार रविवार त्याच सभागृहात सरावाच्या मुलाखती का होऊ नयेत? दोन खुर्च्या, एक फळा आणि समोर कोणी अनोळखी वडीलधारा माणूस, एवढेच साहित्य लागते. निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, कंपनीत लागलेली आपलीच मुले सुट्टीवर आलेली असताना, यांपैकी कोणीही समोर बसू शकेल. विषय येत नसला तरी चालते. सौंसरच्या त्या माउलीने ते सिद्ध केले आहे. 'हे कशावरून?' आणि 'मग पुढे?' हे दोन प्रश्न तिच्याकडून उसने घ्यावेत.

घरी तर याहून सोपे आहे. जेवताना मुलाने अर्धवट कल्पना सांगितली, तर ती पूर्ण होईपर्यंत ऐकून घ्यावी. चुकली तर हसू नये. 'तुला काय कळते' हे शब्द काही दिवस माळ्यावर टाकून पाहावेत.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुन्हा त्या बागाईतदाराच्या ओसरीवर गेलो होतो. आजोबा लोडाला टेकून बसले होते आणि नातू पाटीवर काहीतरी काढून समजावीत होता. त्याने आणखी एका कंपनीकडे अर्ज केला आहे. चाचणी झाली आहे, मुलाखतीची तारीख यावयाची आहे. मध्येच तो थांबला. आम्हांस वाटले, पाहुण्यांमुळे संकोचला. पण तो म्हणाला, "आजोबा, इथं मी अडकलो. थांबा, कुठं अडकलो ते सांगतो."

आजोबा म्हणाले, "सांग नं."